गोव्यात सायन्स रायटिंगची इंटर्नशिप: आठवडा सुरू व्हायच्या आधीची तयारी

मे आला की कोणी ना कोणी मेसेज करतंच, ताई इंटर्नशिप मिळालीय, सायन्स रायटिंगची, काय काय तयारी करू, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

पहिलं काम रविवारचं आणि ते म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवणं, लॅपटॉप वगैरे नंतर. इथे विज्ञानावर लिहायचं म्हणजे निम्मे विषय पाण्याचेच, मांडवी, झुआरी या नद्या, खाजनं (म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), मिठागरं, मासळी, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे सोमवारी सकाळी दहाला असेल तर गुरुवारी साडेबाराच्या आसपास. तर फिल्डचा दिवस आधी त्यावरून ठरवा आणि मगच सरांना-मॅडमना वेळ मागा. दुसरं बघायचं ते कॅलेंडर. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्यामुळे मासळीवर काही लिहायचं मनात असेल तर पणजीजवळच्या मालीम जेटीवर, मासेमारी बोटींच्या धक्क्यावर, मेमध्येच जाऊन या, एकदा बंदी लागली की बोटी बांधलेल्या आणि बरीचशी माणसं गावी गेलेली. मिठागरांचंही तेच, पाऊस पडला की मीठ संपलं, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघायला काही नाही.

सोमवार कागदपत्रांत जातो. जॉइनिंग लेटर, ओळखपत्र, फोटो, सगळ्याच्या झेरॉक्स एका प्लॅस्टिक फाइलमध्ये टाका, आणि सरकारी संस्था असेल तर आत फोटो काढायची परवानगी पहिल्याच दिवशी लेखी मागून ठेवा, शुक्रवारी लेखाला फोटो हवा असतो तेव्हा ती मिळत नाही. संस्थेची पार्श्वभूमी आधीच वाचलेली असावी, एवढं तरी आपण करायलाच हवं. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून उभी राहिलेली, आणि अंटार्क्टिकाला गेलेली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती, एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे ते त्या सगळ्याचं पुढचं पाऊल. हे माहीत असलं की माणसं तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतात, खरंच.

मंगळवारी पेपर, म्हणजे शास्त्रज्ञांचा शोधनिबंध, वाचायचा. नुसता सारांश वाचून प्रश्न काढू नका प्लीज. आलेख बघा, मग पद्धत वाचा, मग शेवटी लेखकांनी स्वतः मान्य केलेल्या मर्यादा, आणि वहीत चार गोष्टी लिहा: काय मोजलं, कुठे, कधी, किती नमुने. टक्के दिसले की थांबायचं. धोका दुप्पट झाला असं छापून येतं पण १०,००० मागे १ चे २ झाले की १०० मागे २० चे ४० झाले हे कळल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही, आणि हा प्रश्न विचारायचं काम आपलंच आहे, वाचक विचारू शकत नाही.

बुधवार फिल्डचा, आणि माझ्या मते आठवड्यातला हाच खरा दिवस. टोपी, भरपूर पाणी, चिखलात रुतले तरी चालतील असे बूट, झिपलॉकमध्ये फोन, पॉवरबँक, आणि पेनाऐवजी पेन्सिल, कारण घामाने किंवा पाण्याने पान भिजलं की पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. खाजनावर जात असाल तर मानशीजवळ बसून घ्या, घाई करू नका. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं, ती कोणी हाताने उघडत-मिटत नाही, भरतीचं पाणी बाहेरून दाबतं की ती आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून बाहेर पडतं. हे पुस्तकात वाचून कळतं पण ओहोटीला फळीच्या फटीतून पहिलं पाणी सुटताना बघितलं की लेख कसा लिहायचा ते आपोआप सुचतं, म्हणून तर भरतीच्या वेळा बघायच्या. तिथे जे काका असतील त्यांना प्रश्न विचारा, फळ्या शेवटच्या कधी बदलल्या, बांधाची माती कोण भरतं, खारं पाणी शेतात शिरलं तर किती दिवस राहतं, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव कोणी घेतलाय. त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याच पेपरात नसतं आणि त्यांचं नाव छापायचं असेल तर तसं सांगून विचारायचं. सोबत कोणी संशोधक असेल तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं छोटं उपकरण, हातात मागून घ्या, काचेवर पाण्याचा एक थेंब, झाकण मिटवून उजेडाकडे धरायचा आणि आत निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथला आकडा वाचायचा. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीत वर वर गेलं की आकडा उतरतो, उन्हाळ्यात वरून गोडं पाणी फारसं येत नाही म्हणून खारेपणा पार आत पोचतो आणि पाऊस जोरात लागला की तेच पाणी वरच्या थरात जवळजवळ गोडं होतं. आकडा स्वतः वाचलेला असला की लिहिताना हात अडखळत नाही.

गुरुवारी मुलाखत. रेकॉर्डिंग विचारूनच सुरू करा, आणि तरी हाताने नोट्स घ्या. दुपारी एक ते चार पणजीतली बरीच दुकानं बंद असतात, बॅटरी-सेल, प्रिंट जे काय हवं ते सकाळीच उरका. एक प्रश्न मात्र प्रत्येक मुलाखतीत विचाराच: सर, हे तुम्हाला आढळलंय की तुम्हाला असं वाटतं? दोन्ही छापता येतं, पण वेगवेगळं छापायचं असतं.

शुक्रवारी मसुदा. प्रिंट काढा आणि प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव, प्रत्येक एकक, प्रत्येक वर्ष याखाली रेघ मारून समासात लिहा की हे कुठून आलं, पेपरातून, रेकॉर्डिंगमधून की बांधावरच्या काकांकडून. जिथे समास रिकामा राहील ते वाक्य काढून टाका, कितीही छान जमलेलं असलं तरी. शास्त्रज्ञांना त्यांची विधानं आणि आकडे तपासायला पाठवा, पूर्ण लेख पाठवायचा की नाही ते संपादकांना विचारून. आणि छापून आल्यावर वही आणि रेकॉर्डिंग लगेच डिलीट-बिलीट करू नका, तारीख टाकून जपून ठेवा, वाचकाचा फोन कधीही येतो आणि तेव्हा उत्तर हाताशी असायला हवं.