ठोके मोजण्याआधी बोअरमध्ये डोकावा

माती तपासणीच्या कामावर नवा इंजिनिअर आला की बहुतेक ठिकाणी त्याच्या हातात नोंदवही देतात आणि ‘ठोके मोज’ म्हणून सांगतात. मोजणं सोपं आहे. ते ठोके नेमके कशावर पडताहेत हे कळायचं असेल, तर गाडीत किंवा सावलीत बसून चालत नाही, बोअरच्या, म्हणजे तपासणीसाठी जमिनीत पाडलेल्या भोकाच्या, तोंडाशी उभं राहावं लागतं.

एसपीटीची (ठोक्यांवरून मातीचा घट्टपणा जोखणाऱ्या प्रमाणित चाचणीची) कृती पाठच होते: 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमी उंचीवरून सोडायचा, स्प्लिट स्पून (उभा उघडणारा, मातीचा नमुना घेणारा नळा) 45 सेंमी आत घालवायचा, दर 15 सेंमीचे ठोके वेगळे लिहायचे. पहिले 15 सेंमी तळाच्या विस्कटलेल्या मातीत जातात, म्हणून ते धरत नाहीत. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन. पण वहीत तिन्ही आकडे हवेत. 4, 5, 18 असे ठोके आले तर एन 23 होतो आणि थर मध्यम घट्ट वाटतो. खरं तर शेवटच्या टप्प्यात थरच बदललेला असू शकतो. स्पून उघडून पाहिलात तर तो बदल समोर दिसतो.

सगळ्यात जास्त फसवते ती पाण्याखालची रेती. बोअरमधलं पाणी भूजल पातळीच्या खाली गेलं की तळातून रेती उसळून वर येते आणि सैल होते. ड्रिलरने रॉड घाईने वर ओढले तरी तेच. मग चांगल्या घट्ट रेतीतही ठोके कमी पडतात आणि गरज नसताना पाइल (खोलवर जाणारे पायाचे खांब) सुचवले जातात. म्हणून चाचणीआधी बोअर पाण्याने किंवा बेंटोनाइटने (फुगणाऱ्या चिकणमातीच्या पातळ मिश्रणाने) भरलेला आहे ना ते पाहा आणि तळाची खोली स्वतः मोजा. केसिंगच्या (बोअर ढासळू नये म्हणून घातलेल्या नळीच्या) आत रेती चढलेली असेल तर तो आकडा खुशाल नाकारा. ड्रिलर नाराज होईल, होऊ द्या. एरवी त्याचं ऐकत जा. रॉडचा आवाज, कंप, परत येणाऱ्या पाण्याचा रंग यावरून थर बदलल्याचं त्याला तुमच्याआधी कळतं, आणि हे ज्ञान मला कुठल्याही वर्गात मिळालं नाही.

मऊ चिकणमातीत एनवर विसंबू नका. तिथे व्हेन शिअर (मातीत पाती फिरवून तिची ताकद मोजणारी चाचणी) घ्या आणि पातळ भिंतीच्या नळीने अबाधित नमुना काढा. दोन्ही तोंडं लगेच मेणाने बंद करा, नळीवर वरची बाजू कोणती ते लिहा. उन्हात ठेवलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळा कितीही काळजीने काम करो, त्याची ओल परत येत नाही.

‘दगड लागला’ हे वाक्य साइटवर फार लवकर कानावर पडतं. तो सुटा धोंडाही असू शकतो. कोअरिंग करून (खडकाचा दंडगोल नमुना कापून काढून) किमान 3 मीटर सलग खडक मिळाल्याशिवाय मी तरी खडक लिहीत नाही.

प्लेट लोड टेस्टबद्दल (जमिनीवर पोलादी प्लेट ठेवून, तिच्यावर भार देऊन ती किती खचते ते पाहण्याबद्दल) मालकांना विशेष विश्वास असतो, कारण भार डोळ्यांनी दिसतो. पण 30 सेंमी प्लेटचा दाब साधारण 60 सेंमीपर्यंतच जाणवतो. 2 मीटर रुंदीच्या पायाचा दाब 4 मीटरपर्यंत पोचतो. मधल्या खोलीत मऊ थर असेल तर प्लेटला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून बोअरशिवाय नुसत्या प्लेटच्या निकालावर पाया ठरवायला मी ठामपणे नकार देते.

पाण्याची पातळी मात्र घाईत उरकली जाते. बोअर संपताक्षणी मोजलेली पातळी ही बहुधा ड्रिलिंगसाठी ओतलेल्या पाण्याची असते. 24 तासांनी पुन्हा मोजा. चिकणमातीत तेवढा वेळही पुरत नाही, तिथे पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) बसवा. वहीत खोलीसोबत तारीख, वेळ आणि केसिंग कुठवर होतं हेही लिहा.