अणुवायूत ऋण अपवर्तनांक मिळाला? आधी या चुका तपासा

लेसरने नियंत्रित केलेल्या अणुवायूचं गणित मांडलं आणि अपवर्तनांकाचा (माध्यमात प्रकाश किती वळतो ते सांगणाऱ्या संख्येचा) आलेख शून्याखाली गेला, म्हणजे प्रकाश नेहमीच्या उलट बाजूला वळताना दिसला, की हुरळून जायला होतं. पण बऱ्याचदा तो गुण वायूचा नसतो, हिशेबाचा असतो.

पहिला संशय वर्गमुळावर घ्या. अपवर्तनांक म्हणजे एप्सिलॉन (वायूचा विद्युत प्रतिसाद) आणि म्यू (चुंबकीय प्रतिसाद) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. समजा या दोन्हींचा वास्तव भाग −१ आणि काल्पनिक भाग (जो शोषण दाखवतो) ०.१ आहे. गुणाकार करून मग वर्गमूळ काढलंत, तर संगणक साधारण +१ आणि −०.१ देतो. म्हणजे निष्क्रिय (बाहेरून ऊर्जा न मिळणारा) वायू प्रकाश वाढवतोय! दोघांची वर्गमुळं आधी वेगळी काढा, मग गुणा: −१ आणि +०.१. प्रकाशलहरीच्या सूत्रात काळाच्या घातांकाचं चिन्ह उलट धरलं असेल, तर काल्पनिक भागांची चिन्हंही उलटतात, हे विसरू नका. पंप लेसरने (अणूंना ऊर्जा पुरवणाऱ्या लेसरने) प्रकाश खरंच वाढत असेल, तर मात्र ही युक्ती डोळे झाकून वापरू नये.

ऋण ग्रुप व्हेलॉसिटी (प्रकाशाच्या स्पंदाचा वेग) म्हणजे ऋण अपवर्तन नव्हे. २००० साली सिझियमच्या वाफेत ती मोजली गेली. अपवर्तनांक तिथे १ च्या आसपासच होता.

खरी गोम चुंबकीय प्रतिसादात आहे. अणूचा चुंबकीय प्रतिसाद विद्युत प्रतिसादापेक्षा ढोबळमानाने १३७ च्या वर्गाइतका दुबळा. म्हणून म्यू ऋण करायला घनता वाढवत न्यायचा मोह होतो. कॅस्टेल, फ्लाइशहाउअर, येलिन आणि वॉल्सवर्थ या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये यातून वाट सुचवली: लेसरने विद्युत आणि चुंबकीय संक्रमणं (अणूच्या ऊर्जापातळ्यांमधल्या उड्या) एकमेकांना जोडायची, म्हणजे म्यू ऋण नसतानाही काम भागतं. तरीही घनता लागतेच, दर घन सेंटिमीटरला १०^१६ अणूंच्या घरात. रुबिडियमची वाफ तिथवर न्यायला सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमान हवं. इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, शेजारच्या अणूंचं स्थानिक क्षेत्र. विरळ वायूचं सूत्र इथे चालत नाही. दुसरी, रेषेची रुंदी, म्हणजे अणू वारंवारतेच्या किती रुंद पट्ट्यात प्रकाश शोषतो ते. रुबिडियमची ७८० नॅनोमीटरची रेषा नैसर्गिकरीत्या ६ मेगाहर्ट्झ रुंद. खोलीच्या तापमानालाच डॉप्लर परिणाम (अणूंच्या हालचालीमुळे होणारा) तिला ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास नेतो आणि या घनतेला अणूंच्या आपसातल्या टकरी गिगाहर्ट्झपर्यंत. कोडमध्ये अजून ६ च असेल, तर आलेख सुंदर येतो आणि खोटा असतो.

शेवटी अपवर्तनांकाच्या वास्तव भागाला, चिन्ह सोडून, काल्पनिक भागाने भागून पाहा. गुणोत्तर १ च्या खाली असेल, तर प्रकाश वळण्याआधीच शोषला जातोय.