जपानात खेड्यातलं घर घेताय? आधी मागचं शेत बघा
जपानात ओस पडलेली घरं, तिकडे आकिया म्हणतात, परदेशी माणसालाही स्वतःच्या नावावर घेता येतात, पण त्यावर व्हिसा मिळत नाही हे आधीच डोक्यात फिट करा. खरी गोची घरामागच्या भातखाचरात, कारण कागदावर ती शेतजमीन असेल तर तिथल्या कृषी समितीच्या परवानगीशिवाय नावावरच होत नाही, आपल्याकडे शेतकरी दाखला मागतात ना तसंच काहीसं. बांधकाम परवानगी जून १९८१ च्या आधीची असेल तर घर भूकंपाच्या जुन्या, कमी कडक नियमांनी बांधलेलं असतं, ते मजबूत करायचा खर्च धरूनच भाव करा. आणि बघायला गेलात की तातामी चटई उचलून खालचं लाकूड नखाने टोकरा, भुगा पडला तर वाळवीची शंका घ्या. संडासही बघा हां, काही जुन्या घरांत अजून खड्डाच असतो, उपसायला गाडी बोलवावी लागते.