माथा नसलेली वाट: उलुरूच्या वाळवंटातील पदभ्रमणाची पुण्यात बसून करायची तयारी

डोंगर दिसला की त्याच्या माथ्यावर जाणारी वाट शोधायची, ही पुण्यातल्या ट्रेकर मंडळींची जुनी खोड आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरूपाशी ती उपयोगी पडत नाही. भोवतालच्या सपाटीपासून 348 मीटर उंच उठलेल्या या एकसंध वालुकाश्मावर चढण्याची वाट 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमची बंद आहे. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण 1985 साली याच दिवशी ही जमीन तिच्या मूळ मालकांना, म्हणजे अनंगू लोकांना, कागदोपत्री परत मिळाली. त्यांनी ती लगेच 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. आज उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळावरील बारा जागांपैकी आठ अनंगूंच्या आहेत. त्यामुळे तेथे चालायला जाणारा माणूस सरकारी जंगलात नव्हे, तर कोणाच्या तरी घरी जात असतो. तयारीचा विचार या मुद्द्यापासून सुरू केला, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

असे पदभ्रमण साधारण चार-पाच दिवसांचे आणि पन्नासेक किलोमीटरचे असते. काटा जूटा या छत्तीस घुमटांच्या खडकसमूहाकडून वाळूच्या टेकाडांमधून उलुरूकडे येणे, हा त्याचा एक प्रकार. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला आरेर्नते लोकांच्या प्रदेशातून जाणाऱ्या 223 किलोमीटरच्या लारापिंटा वाटेवरील निवडक टप्पे चालणे, हा दुसरा. लारापिंटाला चढउतार अधिक आहेत आणि तेथे माउंट साँडरचा माथाही गाठता येतो. ज्यांना सिंहगडाची सवय मोडवत नाही त्यांनी तिकडे जावे. उलुरूच्या उद्यानात मात्र कोणालाही स्वतःचा तंबू ठोकता येत नाही, म्हणून तेथील चाल अनुभवी आयोजकाबरोबरच करावी लागते.

आयोजक निवडताना संकेतस्थळावरील सूर्यास्ताच्या छायाचित्रांना भुलू नये. पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे जपून ठेवावीत. अनंगू वाटाडे किती दिवस बरोबर चालतात, की पहिल्या संध्याकाळी स्वागतापुरतेच येतात? मुक्कामाची जागा कोणी निवडली आणि तिला कोणाची संमती आहे? उत्पन्नातील वाटा कोणाला आणि कोणत्या स्वरूपात मिळतो? गटात माणसे किती असतील? ‘स्थानिक संस्कृतीचा अनुभव’ एवढ्या मोघम शब्दांत उत्तर आले, तर तो आयोजक सोडून द्यावा. आणखी एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवावी. वस्तीत कोणाचा मृत्यू झाला, तर सुतकाचे विधी सुरू होतात, वाटाडे परत जातात, काही जागा बंद होतात आणि ठरलेला कार्यक्रम बदलतो. त्यावर नुकसानभरपाईची भाषा करणे म्हणजे शेजारच्या घरात प्रेत असताना जेवणाची वेळ विचारणे होय.

जाण्याचा काळ मे ते ऑगस्ट हा उत्तम. डिसेंबर-जानेवारीत तेथे पारा चाळिशीच्या वर सहज जातो. काटा जूटामधील ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही 7.4 किलोमीटरची वाट, तापमान 36 अंशांवर जाण्याचा अंदाज असेल त्या दिवशी, सकाळी अकरानंतर दरी पाहण्याच्या पहिल्या थांब्यापासून पुढे बंद केली जाते. उलट जून-जुलैत दिवसा वीस अंशांचे सुरेख ऊन असते आणि पहाटे पाणी गोठते. पुण्यातल्या पाषाण भागाच्या डिसेंबरातील थंडीवर विसंबून नुसता स्वेटर नेणारा माणूस पहिल्याच रात्री कुडकुडतो. पिसांचे हलके जाकीट, कानटोपी आणि लोकरीचे मोजे न्यावेत. भारतीय पारपत्रावर 600 क्रमांकाच्या उपवर्गाचा पर्यटक व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. सिडनी किंवा मेलबर्नहून विमानाने उद्यानाशेजारच्या युलारा गावाला पोहोचता येते.

मे महिन्यात जायचे असेल, तर सराव जानेवारीच्या शेवटी सुरू करावा. बारा-तेरा आठवडे पुरतात. येथे पुणेकरांची एक ठरावीक चूक होते. ते आतकरवाडीहून सिंहगड किती मिनिटांत चढलो याचा हिशेब ठेवतात आणि त्यालाच तयारी समजतात. वाळवंटात चढण फारशी नसते. तेथे पाऊल दर वेळी थोडे मागे घसरते, पोटरी आणि घोट्याच्या बाजूचे लहान स्नायू दिवसभर काम करतात आणि सपाटीमुळे एकाच प्रकारचे पाऊल हजारो वेळा पडून टाचेला फोड येतात. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस वेताळ टेकडीवर दीड-दोन तास, तेही डांबरी वाट टाळून, भुसभुशीत मातीतून चालावे. शनिवार आणि रविवार लागोपाठ बारा ते पंधरा किलोमीटर चालावे, कारण खरी परीक्षा थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठण्याची असते. वाळूचा अनुभव पुण्यात मिळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा दिवेआगर किंवा हरिहरेश्वर गाठून, भरतीच्या रेषेच्या वर, जेथे वाळू कोरडी आणि सैल असते तेथे, पाठीवर सात किलो घेऊन सकाळचे तीन तास चालून पाहावे. ओल्या, घट्ट वाळूवर चालणे म्हणजे स्वतःची फसवणूक. के टू एस, म्हणजे कात्रज ते सिंहगड ही चाल, एकदा करायला हरकत नाही, पण तो सहनशक्तीसाठी. पायाच्या ठेवणीसाठी नव्हे.

पुण्याचा मार्च-एप्रिल मात्र या बाबतीत मोठी सोय आहे. मुंबईकराला न मिळणारी कोरडी उष्णता आपल्याला घराबाहेर पडताच मिळते. शेवटच्या चार आठवड्यांत दोन-तीनदा सकाळी दहा ते बारा या वेळात टेकडीवर जावे आणि पाण्याचा स्वतःचा हिशेब मांडावा. निघताना आणि परतल्यावर वजन करावे. प्यायलेले पाणी धरून किती लिटर गेले ते कळते. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, अंग ओले वाटत नाही आणि माणूस पाणी प्यायचे विसरतो. उद्यानाची सूचना उन्हात दर तासाला एक लिटर पाणी पिण्याची आहे. नुसते पाणी ढोसण्यापेक्षा दिवसातून दोन वेळा क्षारांची पुडी घ्यावी. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी या चालीबद्दल स्वतंत्रपणे बोलावे. ‘फिट’ असल्याच्या साध्या दाखल्यावर जाऊ नये.

बूट हलके, घोट्याखालचे आणि किमान ऐंशी किलोमीटर चाललेले असावेत. पायाला दुपारी सूज येते, म्हणून अर्धा क्रमांक मोठे घ्यावेत. स्पिनिफेक्स नावाचे गवत, ज्याला अनंगू ‘चान्पी’ म्हणतात, दुरून मऊ गोंड्यांसारखे दिसते. जवळ गेल्यावर त्याचे प्रत्येक पाते सुईसारखे असते आणि टोक त्वचेत मोडून राहते. त्यामुळे नडगीपर्यंत कापडी पट्टी आणि पूर्ण लांबीची विजार हवी. माश्यांसाठी टोपीवरून घालायची बारीक जाळी न्यावी. दुचाकीवरचा पुणेरी स्कार्फ येथे कामाला येईल असे अनेकांना वाटते, परंतु त्यातून डोळे उघडे राहतात आणि माश्यांना नेमके तेच हवे असते.

या सामानाची खरी परीक्षा विमानतळावर होते. ऑस्ट्रेलियात माती, बिया आणि अन्नपदार्थ यांची कडक तपासणी असते. माझ्या बुटांच्या खाचांत टेकडीची वाळलेली माती राहिली होती. देशात शिरताना भरायच्या प्रवेशपत्रावर मी ‘बूट मातीत वापरलेले’ असे लिहिले होते, म्हणून दंड वाचला. अधिकाऱ्याने बूट आत नेऊन धुतले आणि ओलेच हातात दिले. घरीच जुन्या दातांच्या ब्रशने तळ घासून, बूट उन्हात वाळवून न्यावेत. भडंग, चिवडा, बाकरवडी काहीही असो, ते पत्रावर लिहावे आणि दाखवावे. ताजा कढीपत्ता, फळे आणि दुधाचे पेढे घरीच ठेवावेत. लपवले आणि सापडले, तर दंड मोठा असतो.

आता यजमानांविषयी. येथे शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे आणि घाई सर्वांत कमी करावी. अनंगू पित्जांतजात्जारा आणि यांकुनित्जात्जारा या भाषा बोलतात. ‘पल्या’ हा शब्द नमस्कारालाही चालतो आणि ‘छान’ या अर्थीही. ‘उवा’ म्हणजे हो, ‘विया’ म्हणजे नाही. एवढे तीन शब्द पाठ करून गेले तरी वागण्यात फरक पडतो. पुणेकराला शांतता जड जाते. दोन मिनिटे कोणी बोलले नाही की तो प्रश्न विचारतो, आणि उत्तर मिळाले की त्यावर पुरवणी प्रश्न. तेथे वाटाड्याने उत्तर दिले नाही, तर ते बहुधा ‘हे तुला सांगण्यासारखे नाही’ असे सौजन्याने दिलेले उत्तर असते. ‘चुकुर्पा’ म्हणजे सृष्टीची घडण, कायदा, नातेसंबंध आणि वागणूक यांचे एकत्र ज्ञान. त्यातील काही पुरुषांचे, काही बायकांचे आणि काही फक्त दीक्षा मिळालेल्यांचे असते. पाहुण्यांना जे सांगितले जाते ते सर्वांसाठी मोकळे असलेले कथानक असते, उदाहरणार्थ कुनिया ही अजगरीण आणि लिरू हे विषारी साप यांच्यातील झुंजीची कथा, जिच्या खुणा खडकावर दाखवल्या जातात. ते ऐकावे आणि ‘याचा खरा अर्थ काय’ असे खोदून विचारू नये.

मृत व्यक्तीचे नाव तेथे उच्चारत नाहीत. त्याच नावाचा दुसरा कोणी जिवंत असेल, तर त्यालाही काही काळ ‘कुन्मनारा’ अशी हाक मारतात. आपल्या आजीच्या पिढीतील बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे परके वाटू नये. छायाचित्राआधी विचारावे. खडकाच्या काही बाजूंपाशी चित्रण न करण्याच्या पाट्या आहेत, कारण त्या जागेतील ज्ञान त्याच जागी, प्रत्यक्ष पाहायचे असते. ड्रोनला बंदी आहे. वाळूचा कण किंवा दगडही उचलू नये. आठवण म्हणून नेलेले दगड क्षमेच्या पत्रासह टपालाने परत पाठवणारे पर्यटक इतके आहेत की उद्यानात त्यांना ‘सॉरी रॉक्स’ असे नावच पडले आहे.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला बोलायला जागा सापडते. दुपारच्या थांब्यावर एखादी बाई वाळूत बसून, निखाऱ्यात तार तापवून, लाल बियांना भोके पाडत असते. चुर्र आवाज होतो, धुराची बारीक रेघ उठते आणि बी माळेत जाते. या बियांना ‘इनिन्ती’ म्हणतात आणि त्यांचे झाड आपल्या पांगाऱ्याच्या कुळातले आहे. ‘क्वांडाँग’ हे आंबट लाल रानफळ चंदनाचे सगोत्र आहे. वाऱ्यात समुद्रासारखा सुस्कारा टाकणारा ‘डेझर्ट ओक’ कोकणातल्या सुरूचा भाऊबंद. कोवळेपणी तो झाडूसारखा सडपातळ असतो आणि मूळ खोल पाण्यापर्यंत पोहोचल्यावरच फांद्या पसरतो. पांगाऱ्याचा आणि चंदनाचा एकेक फोटो मोबाइलमध्ये घेऊन जावा. प्रश्न विचारण्यापेक्षा स्वतःच्या घरचे काही दाखवले, तर संवाद लवकर जमतो, असे मला वाटते. निखाऱ्यावर भाजलेली ‘डँपर’ ही रोटी हातात आली की विदर्भातील रोडग्यांची आठवण निघतेच. मांस न खाणाऱ्यांनी तसे नोंदणीच्या वेळीच कळवावे.

पर्यावरणस्नेही निवास म्हणजे जमिनीला कमीत कमी टेकलेल्या खोल्या, सौरऊर्जा, मोजके पाणी आणि खत होणारा संडास. शेवटच्या गोष्टीबद्दल कोणी उघड बोलत नाही, म्हणून लिहितो. अशा संडासात पाणी जास्त गेले, तर कुजण्याची क्रिया बिघडते आणि वास येतो. भरपूर पाण्याची सवय असलेल्यांनी आधी कागद वापरावा, मग अगदी थोडे पाणी घ्यावे आणि शेवटी मूठभर भुसा टाकावा. ओले टिश्यू (वेट वाइप्स) वापरले, तर ते पिशवीत घालून परत आणावे. अंघोळ तीन मिनिटांची असते. घरी बादलीने अंघोळ करणाऱ्याला हे शहरी शॉवरवाल्यापेक्षा सोपे जाते.

प्रवासविमा घेताना आपत्काळी विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे नीट वाचावे. युलारात दवाखाना आहे, परंतु मोठे रुग्णालय सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, ॲलिस स्प्रिंग्जला आहे. वाटेवर मोबाइलला संपर्क मिळत नाही, हे घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवावे.

शेवटच्या दिवशी उलुरूभोवतीची 10.6 किलोमीटरची फेरी असते. ‘माला’ थांब्यापासून सूर्योदयाला निघून घड्याळाच्या दिशेने, म्हणजे खडक उजव्या हाताला ठेवून चालावे, अशी उद्यानाचीच सूचना आहे. आपल्या प्रदक्षिणेची दिशाही हीच. चित्रणबंदीच्या जागा सुरुवातीच्या टप्प्यातच लागतात, त्यामुळे मोबाइल निघतानाच पिशवीच्या तळाशी टाकावा. दक्षिणेकडील मुटिजुलू पाणवठ्यापर्यंत पोहोचेतो ऊन चढलेले असते. त्या पाण्यात उतरायचे नसते. बाटली निघतानाच काठोकाठ भरलेली हवी.