गरम-थंड एसी बसवताना खर्च कुठे फुगतो? ग्वाल्हेरकरांनो, या चुका टाळा

मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या पलीकडे आणि जानेवारीच्या धुक्यातल्या पहाटे 5 अंशांच्या आसपास. त्यामुळे लश्कर असो वा मुरार, हल्ली 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर स्प्लिटचीच चौकशी जास्त. पण दुकानात घासाघीस होते ती एसीच्या डब्याच्या किमतीवर. पाइप, वायर, स्टँड आणि भिंतीतलं भोक यांचा हिशेब मिस्त्री दारात उभा राहिल्यावर कळतो. तो आधीच लेखी घ्या. दरपत्रक जुनं असेल तर तेही बदलून घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे.

सगळ्यात मोठी फसगत पाइपात होते. डब्यात बहुधा 3 मीटर तांब्याचा पाइप असतो. खोली खालच्या मजल्यावर आणि आउटडोअर, म्हणजे बाहेरचं युनिट, गच्चीवर म्हटलं की 9 मीटर सहज लागतात, म्हणजे वरचे 6 मीटर आपल्या खिशातून. दर फुटाचा की मीटरचा, हे स्पष्ट विचारा. '300 रुपये' ऐकायला थोडे वाटतात, पण ते फुटाचे असतील तर 6 मीटरचे, म्हणजे जवळपास 20 फुटांचे, 6,000 होतात. त्या दरात इन्सुलेशन आणि जोडवायर धरली आहे का, तेही विचारून घ्या. पाइप लांबला की गॅसही थोडा वाढवावा लागतो: मॅन्युअलमध्ये दिलेल्या लांबीपुढे साधारण मीटरमागे 20 ग्रॅम, आणि तोही वजनकाट्यावर मोजून. शक्य असेल तर आउटडोअर त्याच खोलीच्या बाहेर, उत्तरेच्या भिंतीवर घ्या. पाइप वाचतो, शिवाय पश्चिमेचं ऊनही टळतं.

आधीच्या एसीचा भिंतीतला पाइप नव्या मशीनला जोडायचा मोह आवरा. नव्या मशीनमधल्या आर-32 गॅसचा दाब जुन्या एसीतल्या आर-22 पेक्षा बराच जास्त असतो आणि जुन्या पाइपात जुनं तेल राहिलेलं असतं.

व्हॅक्यूम पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा 'काढणारे' मिस्त्री अजून भेटतात. आत राहिलेली हवा आणि ओल कॉम्प्रेसरचं आयुष्य खातात. पंप किमान 15-20 मिनिटं चालू द्या; तो बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलता कामा नये. हललाच तर बहुधा फ्लेअर नटचा, म्हणजे पाइपाच्या टोकाचा, सांधा गळतोय, तो पुन्हा बनवायला लावा. आणि 'दरवर्षी गॅस भरावाच लागतो' यावर विश्वास ठेवू नका. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहेच.

जुन्या वाड्यांची अडचण वेगळी. दगडी भिंत दीड-दोन फूट जाड, वर पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरशांचं, छत. भोक छिन्नी-हातोड्याने पाडू नका, गोल भोक कापणारं यंत्र, म्हणजे कोअर कटर, मागवा. पटियाला हात लावूच नका. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर ड्रेनचं पाणी खोलीतच टपकेल. वरून ऊन झेलणाऱ्या अशा छताखाली 120 चौरस फुटांच्या खोलीलाही 1 टन अपुरा पडतो, 1.5 टन घ्या.

वायरिंगमध्ये काटकसर नको. जुन्या ॲल्युमिनियम लाइनला तांब्याची वायर पिळून जोडली की तो सांधा तापतो आणि एमसीबी पडू लागतो. 1.5 टनासाठी मेन बोर्डापासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. वीजजोडणीचा मंजूर लोड 1-2 किलोवॉटच असेल तर तो आधी वाढवून घ्या.

स्टार रेटिंग फक्त थंडाव्याचं असतं, हे बरेच जण विसरतात. उष्णतेची क्षमता वेगळी पाहा, किती अंशांपर्यंत चालेल तेही. थंडीत आउटडोअरवर बर्फ जमला की मशीन अधूनमधून 5-10 मिनिटं गरम हवा थांबवतं, आउटडोअरमधून वाफ येते. हे डीफ्रॉस्ट, म्हणजे बर्फ वितळवणं आहे, बिघाड नाही. यासाठी मिस्त्रीला व्हिजिटचे पैसे देऊ नका. वितळलेलं पाणी मात्र आउटडोअरच्या तळातून पडतं, म्हणून तिथे ड्रेनचा एल्बो आणि पाइप बसवतानाच लावून घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन येतील.