डॉसवरचं पीकेझिप, एआरजे, एलएचए आणि रार: कुठलं बरं ते स्वतःच कसं तपासायचं

जुन्या पीसीवर कुठलं कॉम्प्रेशन सॉफ्टवेअर भारी यावर लोक नुसते टक्के फेकत बसतात. टक्क्यांवर जाऊ नका, फ्लॉपी खराब झाल्यावर काय हाती लागतं ते बघा.

डॉसबॉक्स (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं डॉस चालवणारा प्रोग्राम) टाका आणि पीकेझिप २.०४जी (१९९३चं), एआरजे, एलएचए आणि डॉसवालं रार गोळा करा. १९८५चं आर्क मिळालं तर तेही घ्या, गंमत म्हणून, त्याच्यावरूनच तर कोर्टकचेरी झाली आणि मग पीकेझिपवाल्या फिल काट्झने १९८९ला झिप आणलं. डॉसबॉक्समधे सायकल्स (म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग) मॅक्सवर ठेवू नका, ३००० वगैरे एक आकडा फिक्स करा, नाहीतर वेळ मोजण्यात काही अर्थ नाही. वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घ्या, चालतंय.

टेस्टचा फोल्डर मिक्स हवा, म्हणजे टेक्स्ट, ईएक्सई, बीएमपी आणि भरपूर बारक्या सोर्स फाइल्स. जेपीजी घालू नका, ती आधीच दाबलेली असते. फाइलचं नाव ८ अक्षरं आणि एक्स्टेन्शन ३, एवढंच.

पहिले तिघे साइजमधे बऱ्यापैकी जवळजवळ येतात कारण आतली पद्धत एकाच घराण्यातली आहे. रारला सॉलिड मोड (सगळ्या फाइल्स एकच सलग गठ्ठा धरून दाबणं) दिला की बारक्या फाइल्सवर ते पुढे जातं, पण वेळ खातं.

आता खरी टेस्ट. चारही आर्काइव्हच्या (दाबून बनवलेल्या फाइल्सच्या) कॉपी करा, हेक्स एडिटरमधे (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममधे) उघडा, साधारण मधोमध दोन-चार बाइट बदला आणि एक्स्ट्रॅक्ट करा. झिप आणि एआरजेमधे बहुतेक ती एकच फाइल सीआरसी एररने (डेटा बिघडल्याचं पडताळणीत कळतं) जाते, बाकीच्या निघतात. सॉलिड रारमधे मात्र तिथून पुढचं सगळं बोंबलतं, रिकव्हरी रेकॉर्ड (दुरुस्तीसाठीचा जादा डेटा) आधी टाकलेलं असेल तरच वाचाल.

फ्लॉपीवर तोडून न्यायचं तर माझं मत सरळ एआरजेला. '-व्ही१४४०' दिलं की १.४४ एमबी फ्लॉपीच्या मापाचे तुकडे पडतात, .एआरजे, मग .ए०१, .ए०२, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र आर्काइव्ह असल्याने एक फ्लॉपी गेली तरी बाकीच्यातलं काढता येतं. पीकेझिप आतल्या फाइल्सची यादी शेवटी लिहितं म्हणून उघडताना आधी शेवटची फ्लॉपी मागतं, आणि नेमकी तीच गेली तर बसा शोधत. एलएचए छोटं आहे, गेमच्या इन्स्टॉलरसाठी मस्त, एवढंच.

दुसऱ्याला द्यायचं असेल तर झिपच करा, ते कुठेही उघडतं. फक्त बनवताना '-आरपी' आणि उघडताना '-डी' विसरू नका, नाहीतर सगळे सबफोल्डर एकाच ठिकाणी ओतले जातात आणि एकाच नावाच्या दोन फाइल्स असल्या की ते ओव्हरराइट करू का विचारत बसतं.