रेसिडेंटला गावाची नाडी कळत नाही? शिकवणाऱ्यांनो, या चुका टाळा

फॅमिली मेडिसिनचा तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, मधुमेहाचा पेशंट उत्तम सांभाळतो. त्यालाच विचारा, ‘तुझ्या उपकेंद्राच्या हद्दीत मधुमेही किती, आणि त्यातले तीन महिन्यांत न फिरकलेले किती?’ तो मोबाईल काढून राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आकडा वाचून दाखवतो. दोष त्याचा कमी, आपला जास्त. डीएनबीच्या (या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) तीन वर्षांत तो मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग असा विभागाविभागांतून फिरतो. न आलेल्या पेशंटचा विचार करायला त्याला कुणी बसवलेलंच नसतं.

‘ते पीएसएमवाले शिकवतील’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पीएसएमच्या (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) व्याख्या त्याने एमबीबीएसला पाठ केल्या, परीक्षा दिली आणि विसरला. त्याच पुन्हा लेक्चरमधून ऐकवून काही साधत नाही. हे काम ओपीडीतच, त्याच्याच पेशंटच्या कार्डांवर शिकवायला हवं, आणि ज्याच्या हाताखाली तो पेशंट बघतो त्यानेच शिकवायला हवं. सर स्वतः रजिस्टर उघडत नसतील तर पोरगंही उघडणार नाही.

छेद न विचारणे

छेद म्हणजे टक्के काढताना आपण ज्या संख्येने भागतो ती. इथे जरा थांबतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

समजा, एका उपकेंद्राच्या पेटीत बीपीची 200 कार्डं आहेत. गेल्या तीन महिन्यांत 90 जण आले, त्यातल्या 63 जणांचं बीपी 140/90 च्या खाली. रेसिडेंट खुशीत सांगतो, ‘सर, 70 टक्के कंट्रोल!’ त्याने 63 ला 90 ने भागलं. जे आलेच नाहीत त्यांचं काय? 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब उपक्रमात (सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता) न आलेला पेशंट आटोक्यात धरत नाहीत. म्हणजे छेद 200, आणि कंट्रोल जेमतेम 31 टक्के.

अजून एक पायरी उतरा. मैदानी भागात उपकेंद्राचा निकष 5,000 लोकसंख्येचा. त्यात तिशीपुढचे ढोबळमानाने दोन हजारांच्या वर. चारांत एकाला बीपी धरलं तरी पाचशेच्या आसपास माणसं झाली. तीनशे जणांची तर पेटीत कार्डंच नाहीत! आता 63 भागिले 500 करा, तेरा टक्क्यांच्या आत. दुपार तीच, पेटी तीच, पण 70 वरून 13 वर आल्यावर रेसिडेंटचा चेहरा बघण्यासारखा असतो. हे गणित त्याच्याच हाताने, कागदावर करून घ्या. एक्सेल नंतर.

दवाखान्यात दिसतं तेवढंच गाव नसतं, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. नुसत्या ओपीडीच्या नोंदींवरून हे कुणालाही कळलं नसतं.

न आलेल्यांना ‘बेफिकीर’ म्हणून मोकळं होणे

‘पेशंट नॉन-कंप्लायंट’ (सांगितलेलं पाळत नाही) हा शेरा वहीत दिसला की खोडायला लावा आणि कारण विचारा. कारण शोधायला गेलं की भलतंच सापडतं. एक बाई दोनदा नोंदलेली असते, माहेरच्या नावाने एक कार्ड आणि सासरच्या नावाने दुसरं. कुणी वारलेलं असतं आणि कार्ड मात्र पेटीत जिवंत. मृत्यूची नोंदवही शेजारच्याच कपाटात असते. कुणी तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे जातो. आणि बीडकडचं गाव असेल तर दिवाळीच्या आसपास अर्धी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जाते, ती उन्हाळ्यातच परतते. त्यांना महिन्याभराच्या गोळ्या देऊन ‘पुढच्या महिन्यात या’ सांगण्यात काय अर्थ? निघण्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या आणि सोबत नेता येईल असं कार्ड, हा यावरचा उपाय. नाव दोनदा असेल तर उपाय वेगळा आणि गोळ्याच संपल्या असतील तर आणखी वेगळा. कारणांप्रमाणे ढीग लावायला शिकवणं, हेच खरं प्रशिक्षण.

वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या फॅमिली डॉक्टरने 1960 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या यादीतल्या सगळ्या प्रौढांचं बीपी मोजायला घेतलं. दवाखान्यात न येणाऱ्यांना तो शोधून काढायचा. ज्यांना उपचारांची गरज जास्त त्यांनाच ते कमी मिळतात, हे त्याने 1971 साली लिहून ठेवलं. एक डॉक्टर, एक गाव, एक यादी. रेसिडेंटला हे उदाहरण जरूर सांगा.

छोट्या आकड्यांवर नाचणे

30,000 वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) वर्षाला साधारण साडेचारशे बाळंतपणं होतात. एक मातामृत्यू झाला की मृत्युदर लाख बाळंतपणांमागे 222 होतो. पुढच्या वर्षी एकही नाही, दर शून्य. त्यावर ‘आमच्या उपक्रमाचं यश’ अशी स्लाइड बनवू देऊ नका. इतक्या कमी आकड्यांत दर काढायचा नसतो, त्या एका मृत्यूची तारीखवार हकीकत काढायची असते: दुखायला कधी लागलं, गाडी किती वाजता आली, रक्त कुठे मिळालं नाही.

ऊठसूट नवा सर्व्हे

थिसिस म्हटलं की चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार. आधी आरोग्यसेविकेकडच्या नोंदी तरी वाचा. सर्व्हे करायचाच असेल तर भर दुपारी जाऊ नका, बाया शेतात असतात. आणि तंबाखू-दारूचे प्रश्न सासूसमोर सुनेला विचारू नका. शिबिरांबद्दल काय बोलायचं? फोटो येतात, फॉलोअप येत नाही.

आशाताईंना हमाल समजणे

‘ताई, पन्नास पेशंट गोळा करून ठेवा’ असा निरोप धाडणारा रेसिडेंट काहीच शिकत नाही. आशाताईंना साधारण हजार माणसं घराघरांसकट ठाऊक असतात. रेसिडेंटने यादी घेऊन त्यांच्यासमोर बसावं आणि एकेक नाव वाचावं. कोण कुठे गेलं, कुणाच्या घरात भांडण आहे, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत, हे तासाभरात कळतं. त्या तासाचा मोबदला त्यांना मिळेल असंही बघा. मोबदल्यावर काम करणाऱ्या बाईचा वेळ फुकटचा नसतो.

पोस्टिंग संपलं, यादी संपली

रेसिडेंट बदलला की त्याची वही त्याच्याबरोबर जाते आणि पुढचा पुन्हा शून्यापासून सुरू करतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला समोर बसून यादी द्यावी, हा नियमच करा. न आलेल्या पहिल्या वीस नावांपुढे कारण आणि काय केलं ते लिहिलेलं असेल, तरच पोस्टिंगच्या लॉगबुकवर सही करा.